मॉरिशसला सहकुटुंब: ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टच्या बंगल्यात पहिल्यांदा राहायला जाताना

ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे राहणं, तिन्ही वेळचं जेवण, मधल्या वेळचं खाणं, पेयं आणि बरेचसे खेळ या सगळ्याचे पैसे आधी भरून टाकायचे आणि मग आठवडाभर पाकिटाला हात लावायचा नाही. स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदियाच्या किनाऱ्यावर १९५० साली क्लब मेड या फ्रेंच संस्थेने तंबूंची वसाहत उभारली, तिथपासून ही पद्धत रुळली. आज जगभर असे रिसॉर्ट आहेत. पण मराठी घरातली पहिलीच अशी सुट्टी असेल, बरोबर लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील, तर मी डोळे मिटून मॉरिशस सुचवते. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांत पोचवतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. घड्याळ फक्त दीड तास मागे करायचं असतं, त्यामुळे मुलांची झोप बिघडत नाही. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा कठडा आहे आणि त्याच्या आतलं पाणी उथळ, शांत असतं. आणि बहुसंख्य लोक भारतीय वंशाचे असल्यामुळे डाळ, भात, पोळी हे तिथे परदेशी पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेले पदार्थ नसतात, रोजचं जेवण असतं.

या सुट्टीला मी एकच माप लावते. घरी ज्या माणसाच्या डोक्यात सकाळी उठल्यापासून ‘आज काय करायचं, डब्याला काय द्यायचं, कोण काय खात नाही’ हे चालू असतं, त्या माणसाच्या डोक्यातून ते जातंय का? आपल्याकडे तो माणूस बहुतेक घरांत आई असते. पुढचे सगळे सल्ले या मापाने दिलेले आहेत. स्वस्त काय पडेल, फोटो कुठे छान येतील, हे त्यानंतर.

महिना आधी ठरवा, किनारा मग

बहुतेक लोक आधी रिसॉर्ट आवडून घेतात आणि मग तारखा बसवतात. उलट करा. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा, दमट आणि सरींचा. त्यातले जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. मे ते ऑक्टोबर हा हिवाळा, पण हिवाळा म्हणजे दिवसा चोवीस-पंचवीस अंश आणि संध्याकाळी पातळ स्वेटर, एवढंच.

हिवाळ्यात आग्नेयेकडून वारा सुटतो आणि तो सरळ पूर्व किनाऱ्यावर येतो. बेल मारचा किनारा नकाशावर आणि फोटोत बेटावरचा सर्वांत देखणा वाटेल, आणि तो खरोखर आहेही, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे वाळू पायाला टोचत येते आणि पोहून बाहेर आलेलं मूल कुडकुडतं. त्या दिवसांत उत्तरेकडचे ग्रँड बे, मॉन्ट शुआझी, त्रू ओ बिश किंवा पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक हे किनारे बरे. ते वाऱ्याच्या आडोशाला आहेत. पश्चिमेला सूर्यास्तही समुद्रात दिसतो. उन्हाळ्यात मात्र पूर्वेचा तोच वारा सुखाचा वाटतो.

आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबात दोन वेळा चांगल्या जमतात: शाळांची मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी. मेमध्ये पाणी अजून उबदार असतं आणि पावसाचा जोर ओसरलेला असतो. दिवाळीच्या दिवसांत तर हवा सगळ्यात छान, शिवाय दिवाळीची तिथे सरकारी सुट्टी असते, रात्री गावागावांत पणत्या दिसतात. नाताळ आणि नवीन वर्षाच्या सुमारास मात्र युरोपातून गर्दी येते आणि दर चढतात. तेव्हा जायचंच असेल तर फार आधी ठरवावं लागतं.

दक्षिणेकडे सुइयाकजवळ ग्री-ग्री म्हणून जागा आहे, तिथे प्रवाळाचा कठडा तुटलेला आहे आणि लाटा थेट खडकांवर आपटतात. बघायला जरूर जा, पाण्यात उतरायला नाही.

बंगला निवडताना

‘फॅमिली बंगलो’ या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे खरा बंगला: गवताने शाकारलेलं उतरतं छप्पर, पुढे छोटा व्हरांडा, आत आई-वडिलांची खोली आणि मधे दार असलेली मुलांची वेगळी खोली, बहुतेक वेळा वर-खाली पलंगांची. दुसरी म्हणजे एकच मोठी खोली आणि कोपऱ्यात सोफा-कम-बेड. तिसरी म्हणजे शेजारशेजारच्या दोन खोल्या. या तिसऱ्या प्रकारात आतून दार आहे की नुसत्या शेजारी आहेत, हे स्पष्ट विचारा. सहा वर्षांच्या मुलाला बाहेरून फिरून जावं लागणाऱ्या खोलीत एकटं झोपवता येत नाही, मग आई तिकडे आणि बाबा इकडे अशी वाटणी होते.

ई-मेलवर विचारायचे प्रश्न हे. मुलांच्या खोलीला दार आहे का? दार असलं की नऊ वाजता मुलं झोपल्यावर मोठ्यांना दिवा लावून गप्पा मारता येतात, नसलं तर सगळ्यांनाच नऊला अंधारात बसावं लागतं. बाथरूम एक की दोन? अंघोळीला शॉवरची मोकळी जागा आहे की टबमध्ये चढून उभं राहायचं आहे? गुडघे दुखणाऱ्या माणसाला टबची उंच कड हा रोजचा त्रास आणि रोजचा धोका आहे, आणि हा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. बंगला तळमजल्यावर आहे ना? जेवणघर किती लांब? मोठ्या आवारात हे अंतर पाच-सात मिनिटांचं असू शकतं आणि दिवसातून सहा-आठ वेळा ते चालायचं असतं. ने-आण करायला बॅटरीवरची गाडी असते, पण ती बोलावून वाट बघावी लागते.

समुद्रासमोरच्या रांगेचे दर मागच्या बागेतल्या रांगेपेक्षा बरेच जास्त असतात. नवं लग्न झालेल्यांनी द्यावेत. मुलं असतील तर बागेतला बंगला घ्या, जेवणघराच्या आणि तरणतलावाच्या मध्ये कुठेतरी. मुलं दिवसभर वाळूतच असणार, खोलीच्या खिडकीतून समुद्र बघायला कोण थांबतंय? आणि व्हरांड्यासमोर स्वतंत्र छोटा तलाव असलेला बंगला चालत्या-पळत्या लहानग्याबरोबर घेऊच नका. आई सुट्टीभर त्या पाण्याकडे डोळे लावून बसेल.

आजी-आजोबा असतील तर मोठ्या बंगल्यापेक्षा शेजारचे दोन बंगले मागा. सकाळी साडेपाचला उठून देवाचं म्हणणाऱ्यांना आणि साडेआठपर्यंत लोळणाऱ्यांना एकमेकांची अडचण होत नाही, आणि दुपारी मुलं आजीच्या व्हरांड्यात पत्ते घेऊन आपणहून जातात.

शाकारलेल्या छपरात पाली असतात. त्या काही करत नाहीत आणि डास खातात. बेटावर जमिनीवरचे विषारी साप नाहीत. डास मात्र आहेत आणि डेंग्यूची साथ तिथेही येते, तेव्हा संध्याकाळी अंगभर कपडे आणि डासांचं मलम.

‘सगळं’ यात काय काय नसतं

मॉरिशसमध्ये जेवणाचे साधारण चार प्रकारचे दर असतात: फक्त न्याहारी, न्याहारी आणि रात्रीचं जेवण, तिन्ही जेवणं, आणि ऑल-इन्क्लुझिव्ह. दुसऱ्या प्रकाराला हाफ बोर्ड म्हणतात आणि तो बराच स्वस्त दिसतो. पण त्यात दुपारचं जेवण, मुलांचे सरबत-आइस्क्रीम आणि कित्येक ठिकाणी रात्रीच्या टेबलावरची पाण्याची बाटलीसुद्धा वेगळी लागते. जोडपं दिवसभर गाडी घेऊन बेट हिंडणार असेल तर हाफ बोर्ड ठीक. दर दोन तासांनी ‘भूक लागली’ म्हणणारी मुलं बरोबर असतील तर ऑल-इन्क्लुझिव्हच घ्या. प्रत्येक सरबताला सही करत बसणं ही सुट्टी नव्हे.

तरीही ‘सगळं’ म्हणजे सगळं नसतं, आणि ते लेखी मागवून घ्यायचं. साधारणपणे आत येतं ते असं: मुख्य बुफे, किनाऱ्यावरचा नाश्ता-काउंटर, चहा-कॉफी, सरबतं, स्थानिक बिअर, रम आणि रिसॉर्टची नेहमीची साधी वाइन, बिनयंत्राचे जलक्रीडा प्रकार म्हणजे कयाक (वल्ह्याची निमुळती होडी), पायडल बोट, छोटी शिडाची होडी, प्रवाळ बघायला नेणारी काचेच्या तळाची बोट, आणि साधारण चार वर्षांपुढच्या मुलांसाठी किड्स क्लब. बाहेर राहतं ते: आयात मद्यं, लॉब्स्टरसारखे पदार्थ, स्पा, स्कूबा (पाठीला हवेची टाकी लावून खोल पाण्यात पोहणं), यंत्राने ओढायचे बहुतेक खेळ, खोलीत मागवलेलं जेवण, कपडे धुणं आणि रात्री मुलांजवळ बसणारी बाई. मिनीबार, म्हणजे खोलीतला पेयांचा छोटा फ्रीज, कुठे आत, कुठे बाहेर.

घरात कुणीच दारू घेत नसेल तर हा दर परवडतो का, हे नक्की विचारून बघा. काही रिसॉर्ट मद्याविना ‘तिन्ही जेवणं आणि सॉफ्ट ड्रिंक्स’ असा दर देतात. तो जाहिरातीत ठळक नसतो, मागितला तर मिळतो. शाकाहारी, न पिणाऱ्या कुटुंबाचे त्यात चांगले पैसे वाचतात.

मुलांच्या वयाकडे नीट लक्ष द्या. बाराव्या वाढदिवसानंतर दर बदलतो, आणि मोजतात ते राहण्याच्या तारखेला असलेलं वय, बुकिंग केल्या दिवशीचं नव्हे. मुलाचा वाढदिवस सहलीच्या आसपास असेल तर तारखा चार दिवस अलीकडे घेऊन बघा.

बुकिंग आणि कागदपत्रं

दर बहुधा युरोत असतात. रिसॉर्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा दर, एखाद्या बुकिंग साइटवरचा दर आणि आपल्या गावातल्या ट्रॅव्हल एजंटचा विमानासकटचा दर, हे तिन्ही कागदावर शेजारी मांडा. एजंटच्या दरात विमानतळ ते रिसॉर्ट गाडी धरलेली असते, ती इतरांत मिळवून मग तुलना करा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरता येतो. त्याची पावती जपा. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून मॉरिशसमध्ये बारा वर्षांवरच्या परदेशी पाहुण्यांना रात्रीमागे माणशी ३ युरो पर्यटक शुल्क आहे. ते दरात धरलंय की तिथे भरायचंय ते विचारा.

विमानतळावर लागतात ती कागदं: पुरेशी मुदत असलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट, रिसॉर्टचं बुकिंग आणि निघण्याआधी ऑनलाइन भरायचा प्रवासी फॉर्म. हा फॉर्म घरातल्या प्रत्येकाचा, तान्ह्या बाळाचाही, घरीच भरून त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि पहिल्या सहलीनंतर ड्रॉवरमध्ये पडलेल्या त्या पासपोर्टची मुदत संपलेली आहे हे अगदी शेवटी लक्षात येतं. आज रात्री तपासून टाका.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे. ब्लू बेचा किनारा तिथून अगदी जवळ, पण ग्रँड बेच्या बाजूला जायला तास-सव्वा तास लागतो. उलट्या होणारी मुलं असतील तर पुढच्या सीटसाठी आधीच सांगून ठेवा.

बॅगेत काय

पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट, प्रत्येकाच्या मापाचे, हे सर्वांत आधी. का, ते पुढे ‘पाणी’ या भागात सांगते. मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे. मोठ्यांनीही घ्यावेत. पंजाबी ड्रेस किंवा सुती कुर्ता घालून तलावात उतरू देत नाहीत, आणि ऐन वेळी रिसॉर्टच्या दुकानात पोहायचा पोशाख घ्यायला गेलं तर किंमत बघून आई ‘मी काठावरच बसते’ म्हणते. निघायच्या आधी पूर्ण बाह्या आणि पायघोळ असलेला पोशाख तिच्यासाठी घ्याच.

तिथले प्लग ब्रिटिश धर्तीचे चौकोनी तीन पिनांचे असतात, अ‍ॅडॉप्टर हवा. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इ-सिगारेटला बंदी आहे. ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. खाकरे, चिवडा, लाडू असा बांधीव कोरडा खाऊ थोडाच घ्या. तिथे दिवसभर खायला मिळतं आणि अर्धा डबा परत येतो. आजीचे उपास असतील तर भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि राजगिऱ्याचे लाडू पुरतात. बाकी दही, उकडलेला बटाटा, केळी, पपई बुफेवर असतात. संध्याकाळी जेवणघरात पुरुषांना लांब पँट लागते. बर्म्युडा आणि रबरी चपला चालत नाहीत, हे आजोबांना आधी सांगून ठेवा.

पोचल्यावरचा पहिला अर्धा दिवस

खोली दुपारी दोन-तीनच्या आधी बहुधा मिळत नाही. विमान सकाळी उतरणार असेल तर पोहायचे कपडे आणि एकेक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. सामान स्वागतकक्षात सोडून मुलं थेट पाण्यात जाऊ शकतात. आल्याआल्या दुपारचं जेवण मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारलेलं असावं.

मनगटावर पट्टी बांधतील. ती आठवडाभर काढायची नाही, तीच तुमची पावती.

मग मोठ्यांपैकी एकाने, घर चालवणाऱ्याने नव्हे, तीन कामं उरकावीत. मागवून खायच्या रेस्टॉरंटांमधली टेबलं त्याच दिवशी राखून ठेवावीत, कारण चांगल्या वेळा पहिल्या दोन दिवसांत संपतात. किड्स क्लबच्या वेळा आणि नियम बघून यावेत. आणि शेफला भेटावं.

शेफला भेटणं, आणि बुफे

हे मी वेगळं लिहिते आहे, कारण शाकाहारी घराची सुट्टी यावर ठरते. बुफेवर पाट्या असतात, ‘व्हेज’ असं लिहिलेलंही असतं, पण भाजीच्या सूपचं पाणी कोंबडीचं असू शकतं आणि नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस असतो. पहिल्या संध्याकाळी जेवणघर उघडायच्या पंधरा मिनिटं आधी जा आणि शेफना किंवा जेवणघराच्या मुख्य माणसाला भेटायचंय म्हणा. काय चालतं यापेक्षा काय चालत नाही ते सांगा: मांस नाही, मासे नाहीत, त्यांचं पाणी नाही, सॉस नाही, अंडं चालतं किंवा नाही. कांदा-लसूणही चालत नसेल तर ते निघण्याच्या आठवडाभर आधी ई-मेलने कळवलेलं असावं आणि इथे पुन्हा सांगावं. मॉरिशसमधल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बहुतेकदा त्याच्या स्वतःच्या घरात उपासतापास असतात, गणपतीच्या दिवसांत सामिष बंद असतं. तो मान हलवतो आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या टेबलावर न मागता एक वाटी डाळ येते.

बुफेवर युरोपी पदार्थांच्या रांगा लांब असतात, पण खरी चव कोपऱ्यातल्या तव्यापाशी असते. तिथे फराटा भाजतात, आपला पराठाच, पण पापुद्रे सुटलेला. भाजणारी बाई गरम फराटा दोन्ही तळव्यांमध्ये धरून टाळी दिल्यासारखा दोनदा दाबते, पापुद्रे मोकळे होतात आणि मग तो तुमच्या ताटात येतो. त्याबरोबर टोमॅटोची रुगाय, म्हणजे मसालेदार दाट रस्सा, पांढऱ्या घेवड्याची रसभाजी, आणि भाज्यांचं मोहरी-हळदीचं लोणचं, ज्याला ते आशार म्हणतात. गातो पिमाँ म्हणजे डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे, ते सकाळी पावात लोणी लावून खातात. ढोल पुरी दिसली तर सोडू नका: शिजवून बारीक केलेली चणाडाळ भरलेली, मऊ, पातळ, तिखटमीठाची पोळी. मुलांना तिखट वेगळं ठेवायला सांगा. तिथली मिरची लहान असते आणि फार झणझणीत.

पहिल्या दिवशी सगळे ताट भरभरून घेतात, पैसे भरलेत म्हणून. हे समजण्यासारखं आहे, पण दुसऱ्या दिवशी पोटं बिघडतात. मुलांना आधी ताट न घेता बुफेची एक फेरी मारायला लावा, सगळं बघून मग तीनच पदार्थ निवडायचे. उद्याही तेच असणार आहे, ही खात्री एकदा पटली की हावरेपणा आपोआप जातो. आणि ताटात टाकलेलं अन्न तिथल्या वाढणाऱ्यांनाही खटकतं.

चहाची सवय असेल तर तिथल्या बोआ शेरी मळ्याचा व्हॅनिला चहा घेऊन बघा. दुधाचा उकळलेला चहा मात्र बुफेवर मिळत नाही. खोलीत किटली असते. चहाची पूड, आलं-वेलची मसाला आणि दुधाची भुकटी नेली तर व्हरांड्यात सकाळचा पहिला कप बरा होतो. तो कुणी करायचा, याची पाळी लावा आणि त्यातून आईला वगळा.

पाणी

आतलं पाणी शांत आहे, म्हणजे निर्धास्त नव्हे. वाळूत आणि दगडांत स्टोनफिश नावाचा मासा असतो, हुबेहूब दगडासारखा, आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत जबर विष असतं. शिवाय काळे, लांब काट्यांचे सी-अर्चिन. म्हणून पाण्यात बुटांशिवाय पाऊल नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, पोळणार नाही एवढी काळजी घेऊन, आणि लगेच रिसॉर्टच्या नर्सला सांगून दवाखाना गाठायचा. गरम पाण्याने वेदना खरोखर उतरते.

दुसरा धोका दिसत नाही. प्रवाळाच्या कठड्याला जिथे खिंडी आहेत, तिथून भरती-ओहोटीचं पाणी जोरात आत-बाहेर जातं. कयाक घेतानाच विचारा, खिंड कुठे आहे, आणि तिच्या बाजूला जाऊ नका. दोरीने आखलेल्या पोहण्याच्या जागेबाहेर मुलांना सोडू नका, कारण पलीकडून स्पीडबोटी जातात.

प्रवाळ बघायला ब्लू बेचं सागरी उद्यान उत्तम. प्रवाळावर उभं राहू नका, ते जिवंत असतं आणि एका पावलाने वर्षांची वाढ मोडते. शिंपले, प्रवाळाचे तुकडे गोळा करून आणू नका. किनाऱ्यावर विकायला आले तरी घेऊ नका.

ऊन आपल्या अंदाजापेक्षा कडक असतं, कारण वाऱ्यामुळे ते जाणवत नाही. अकरा ते तीन सावलीत राहा. सावळ्या कातडीला सनस्क्रीन लागत नाही, हे विसरा.

आवाराबाहेरचे दोन दिवस

सात रात्री असतील तर दोन दिवस बाहेर, त्याहून जास्त नको. रोज सकाळी सगळ्यांना आवरून गाडीत बसवणं हेच तर घरी चाललेलं असतं. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा, पूर्ण दिवसाचं, थांबण्याच्या जागांसकट. मॉरिशसचा रुपया आपल्यापेक्षा महाग आहे, ‘पाचशे’ ऐकून आपल्या पाचशेचा हिशेब करू नका. २०२४ पासून काही ठिकाणी यूपीआय चालतं, पण रोख थोडी हवीच.

एक दिवस दक्षिण-पश्चिमेला: गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती आणि ल मॉर्नचा डोंगर. गंगा तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. महाशिवरात्रीला लाखो लोक चालत तिथे येतात. वर गार असतं, आजीची शाल घ्या. दुसरा दिवस राजधानी पोर्ट लुईला. मुलं थोडी मोठी असतील तर आप्रवासी घाट दाखवाच. १८३४ पासून भारतातून करारावर नेलेले मजूर इथे उतरले. त्या दगडी पायऱ्या अजून आहेत आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. या मजुरांत कोकणातून गेलेली माणसंही होती. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव टिकवला, तो इतका की गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. शाळांमधून मराठी शिकवतात. पूर्वजांची पहिली नावंच तिथे कित्येकांची आडनावं झाली आहेत, त्यामुळे रिसॉर्टमधल्या नावाच्या पट्टीवरून एकदम ओळखू येत नाही. गप्पा सुरू झाल्या की विचारा. ‘आम्ही मराठी’ असं उत्तर येतं तेव्हा आजोबांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तिथले किनारे सर्वांसाठी खुले आहेत, रिसॉर्टसमोरची वाळूसुद्धा. त्यामुळे रविवारी दुपारी फ्लिक आँ फ्लाक किंवा मॉन्ट शुआझीच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जाऊन या. सुरूच्या झाडांखाली सतरंज्या टाकून सगळी कुटुंबं जेवत असतात, कुणी रावान नावाचा डफ वाजवत असतं, बायका सेगा हा तिथला लोकनाच नाचतात. रिसॉर्टमध्ये आठवड्यातून एकदा सेगाचा कार्यक्रम असतो, तो छानच असतो, पण हा त्यांचा स्वतःचा रविवार असतो.

शेवटचा दिवस

खोली अकरा-बाराला सोडावी लागते आणि विमान रात्रीचं असू शकतं. मनगटाची पट्टी कुठवर चालते, दुपारचं जेवण मिळतं का, आणि निघणाऱ्या पाहुण्यांना अंघोळीसाठी वेगळी खोली आहे का, हे दोन दिवस आधी विचारून ठेवा. उशिरापर्यंत खोली हवी असेल तर जादा पैसे पडतात. आजी-आजोबा असतील तर एका खोलीपुरते ते भरा, दुपारची झोप होऊन मंडळी ताजी विमानात बसतात.

बिल आदल्या रात्री मागवा. सकाळी स्वागतकक्षात रांग असते आणि न घेतलेल्या मिनीबारची ओळ कुठेतरी असतेच, ती शांतपणे दाखवा, काढून टाकतात. बक्षिसी सक्तीची नाही. द्यायची असेल तर खोली आवरणाऱ्या बाईला हातात द्या आणि स्वागतकक्षातल्या पेटीत थोडी टाका, म्हणजे स्वयंपाकघरातल्या, समोर न येणाऱ्या माणसांनाही मिळते. ओले पोहायचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवा. विमानतळावर जाताना फराटे हवेत का हे तव्यावरच्या बाईला सकाळीच सांगा. बहुतेक वेळा ती चार जास्त भाजून कागदात बांधून देते.